राहुड घाटापर्यंत

शिवपुरी
सोमवार, २ डिसेंबर २०२४

प्रिय मंजू,

अनेक आशीर्वाद. राघवला आजीचा पापा दे, जावईबापूंना माझी आठवण सांग. मी बरी आहे हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही. शिवाय माझं मराठी अक्षर लावायला तुला वेळ लागतो, आणि वेळ लागला की तुझा राग जरा निवतो, हा तुझ्या लहानपणापासूनचा अनुभव आहे.

तर काल सकाळी आम्ही महाराज बाड्याच्या चौकातून निघालो. बाबांच्या रविवारच्या सायकल मंडळींपैकी आठ जण, आणि मागून संभाजीरावांची गाडी. ही गाडी तू पाहिलेली नाहीस. फौजेत तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत दोन वर्षं खपून एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं चालतं घर केलं आहे. आत झोपायच्या चार फळ्या, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, एवढंसं बेसिन, आणि पाठीमागे सायकली टांगायला लोखंडी सांगाडा. बाड्यावर निघताना बँकेसमोर इतकी गर्दी जमली की कोणी विचारलं, "कोई यात्रा निकल रही है क्या?" सोनिका म्हणाली, "हाँ, समुंदर तक."

आपल्या दर्पण कॉलनीतल्या कोपऱ्यावरच्या घरातली सोनिका तुला आठवत असेल. तुझ्या दोन वर्षं मागे होती, आता बँकेत आहे. तीच या सगळ्यांची म्होरकी. ग्वाल्हेरहून आग्रा-मुंबई रस्त्यानं नाशिक, तिथून जव्हारवरून डहाणूच्या समुद्रापर्यंत. हजारावर किलोमीटर, तीन आठवडे. बेत मुळात बाबांचा, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी पेन्सिलीनं खुणा केलेला नकाशाच सोनिकानं गाडीत चिकटवला आहे.

माझ्याकडे रसद आहे. सकाळचा चहा, पोहे, दुपारची पोळीभाजी, दहा माणसांची. निघताना तू शपथ घातलीस, सायकलला हात लावायचा नाही म्हणून. ती माझ्या लक्षात आहे.

मोहन्याच्या अलीकडे समोरून असा वारा लागतो की उतारावरसुद्धा पाय मारावे लागतात. असं सगळे म्हणत होते. तळहाताला दोन फोड आलेत, पोळ्या लाटून आले असतील. भूक मात्र अशी लागते की काय सांगू. काल हेमेंद्रभाऊजी माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "वहिनी, गाडीत बसून एवढी भूक?" तुझ्या बाबांचे जुने मित्र ना, बोलायची सवय आहे त्यांना. मी आणखी एक पोळी वाढून घेतली.

रक्तदाबाची गोळी वेळेवर घेते. राघवचा खोकला थांबला का ते कळव.

तुझी,
आई


इंदूर
मंगळवार, १० डिसेंबर

प्रिय मंजू,

आशीर्वाद. आज इथे विश्रांतीचा दिवस आहे. सगळे सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलेत. मी गाडीतच बसून लिहिते आहे, कारण हे पत्र आज लिहिलं नाही तर मी पुन्हा टाळीन.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. फोड पोळ्यांचे नाहीत. बाड्यावरून निघालेल्या आठ सायकलींच्या मागे नववी होती, ती माझी. त्या दिवशी वीस किलोमीटर चालवली, दुसऱ्या दिवशी तीस. मोहन्याचा वारा मी स्वतः खाल्ला आहे.

आता पहिल्यापासून सांगते. बाबांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा त्यांची सायकल कोणालातरी देऊन टाकावी म्हणून मी ती ढकलत सोनिकाकडे नेली. ती म्हणाली, "काकू, देण्याआधी एक बार बैठके तो देखो. मी मागून धरते." बाबांची सायकल मला उंच पडली, तर तिनं आपली जुनी काढून दिली. मेळ्याचं मैदान वर्षाचे दहा महिने रिकामंच असतं, तिथल्या बंद दुकानांच्या गल्ल्यांमधून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल शिकले. पहिल्या महिन्यात सात वेळा पडले. कोपर फुटलं होतं तेव्हा मी तुला न्हाणीघरात घसरले म्हणून सांगितलं, आणि तू पुण्याहून रबरी पायपुसण्यांचा ढीग पाठवलास. ती पायपुसणी पाहिली की मला अजून लाज वाटते.

का शिकले, ते मला नीट सांगता येणार नाही. तीस वर्षं दर रविवारी मी डबा भरून दारात उभी राहिले आणि तुझे बाबा तिघऱ्याच्या धरणावर जाऊन परत आले. येताना ते वेगळेच माणूस असायचे. मला बघायचं होतं की तिकडे काय होतं.

हेमेंद्रभाऊजींना माझं येणं मुळीच पसंत नव्हतं. "ही हौस हायवेवर नको, वहिनी. तुम्ही पोहे उत्तम करता, ते करा." रोज एकदा तरी हे ऐकावं लागे. मग ब्यावऱ्याला त्यांचाच गुडघा सुजला. सोनिकानं त्यांना गाडीत बसवलं आणि म्हणाली, "काका, आज किचन आपका. काकू चलाएंगी." मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण टप्पा मारला, सारंगपूरपर्यंत साठ किलोमीटर. त्यांनी डाळीत दोनदा मीठ घातलं होतं. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली. जेवण झाल्यावर ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पाय कसे आहेत?" एवढंच. पण "वहिनी, हायवेवर नको" हे वाक्य त्यानंतर ऐकू आलं नाही.

आता अवघड भाग.

दुसऱ्या दिवशी सारंगपूर सोडल्यावर एक ट्रक अगदी अंगाजवळून गेला. धक्का लागला नाही, नुसत्या वाऱ्यानं मी साइडपट्टीवर गेले आणि खडीत पडले. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही, खरंच काही नाही. पण मी खडीतच बसून राहिले. बाकीचे पुढे गेले होते. संभाजीरावांनी गाडी बाजूला घेतली, मला पायरीवर बसवलं, जखम धुतली, चहा केला. मग म्हणाले, "सायकल टांगू का मागे?"

मी म्हटलं, "थांबा जरा."

तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. तुला आठवतं, ते पूर्वी बाबांच्या बरोबरीनं सायकल मारायचे, आणि बाबा गेल्यापासून सायकलवर बसलेच नाहीत. गुडघ्याचं कारण सांगत आले आहेत. गुडघ्याला काही झालेलं नाही, मंजू. ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मीच म्हटलं होतं, मधू, आज न थांबता धरणापर्यंत जाऊ. तो मागे पडायला लागला तर मी वळून ओरडलो, म्हातारा झालास का? त्यानं वेग वाढवला. पाच मिनिटांनी कडुनिंबाखाली बसला आणि पाणी मागितलं. तुम्हाला आज पडताना आरशात पाहिलं आणि मला वाटलं, घरातला दुसरा माणूसही माझ्याच समोर जातो आहे."

चार वर्षं हा माणूस असं समजून जगला की आपण मित्राला मारलं. आणि मी ते थांबवू शकत होते, कधीही, एका वाक्यात.

ते वाक्य मी त्यांना तिथे रस्त्याच्या कडेला सांगितलं. तेच आता तुला सांगते. बसून वाच.

बाबांच्या हृदयाचं आम्हाला माहीत होतं. ते गेले त्याच्या दोन महिने आधी, डिसेंबरातच डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन नळ्या बंद होत आल्या आहेत, दिल्लीला जाऊन ऑपरेशन करून घ्या, तोपर्यंत सायकल पूर्ण बंद. घरी आल्यावर बाबा म्हणाले, मंजूला कळवायचं नाही, तिला सातवा महिना आहे, बाळंतपण होऊ दे मग बघू. हे वाचून तू लगेच स्वतःला दोष देशील, म्हणून नीट ऐक. ते निमित्त होतं. तू गरोदर नसतीस तर त्यांनी होळी काढली असती, होळीनंतर उन्हाळा. त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती. एवढा धिप्पाड माणूस, पण इंजेक्शन घेतानासुद्धा माझा हात धरायचा.

आणि मी काय केलं? काहीच नाही. त्या रविवारी सकाळी ते बूट घालायला लागले तेव्हा मी विचारलं, "जाणारच का?" ते म्हणाले, "हळूहळू जाईन." मी पोह्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. आडवी पडले नाही, रडले नाही, तुला फोन करीन म्हणून धमकावलं नाही. मला वाटलं, दोन महिने उदास बसलेला माणूस आज हसतो आहे, जाऊ दे.

तू नवव्या महिन्याचं पोट घेऊन आलीस आणि भिंतीला लावलेल्या सायकलीकडे बघून म्हणालीस, "हिनंच नेलं बाबांना." मी हो म्हटलं. हो म्हणणं किती सोपं होतं. तुझं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलेलं, तुला हे कसं सांगायचं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. मग राघव लहान होता. मग तुझी नवी नोकरी होती. बघ, बाबांसारखीच निमित्तं मीही काढत राहिले. खरं कारण फार लहान आहे, मंजू. मला भीती होती की तू मला विचारशील, "आई, तुला माहीत होतं, मग तू त्यांना जाऊ का दिलंस?" आणि माझ्याकडे उत्तर नाही. अजूनही नाही.

संभाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचे पेले धुतले, फडक्यानं पुसले, जागेवर ठेवले. मग दाराची चौकट धरून म्हणाले, "वहिनी, चार वर्षं." आवाज चढला नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी मला नको. पोरीला सांगा."

नंतर त्यांनी पुन्हा विचारलं, "सायकल टांगू का?" मी म्हटलं, "नको." आणि उरलेले अठ्ठावीस किलोमीटर चालवून शाजापूर गाठलं.

आता तुला सगळं माहीत आहे. रागावलीस तर तो राग तुझ्या हक्काचा आहे. मी फोन करणार नाही, तुला वाटेल तेव्हा तू कर. आम्ही उद्या इथून निघू. नर्मदा ओलांडून सेंधव्याचा घाट उतरलो की महाराष्ट्र. मग धुळं, मालेगाव, आणि मालेगावनंतर राहुड घाट. सोनिका म्हणते या वाटेवरची सगळ्यात वाईट चढण तीच. ती मी चढणार आहे. हे तुला विचारत नाही, सांगते आहे, कारण यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

तुझी,
आई


चांदवड
मंगळवार, १७ डिसेंबर

प्रिय मंजू,

अनेक, अनेक आशीर्वाद. मी घाट चढले.

हे वाक्य मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत लिहून पाहिलं, पण ते एवढंच आहे. मी घाट चढले, एकदाही न उतरता.

सकाळी सातला मालेगाव सोडलं. थंडी इतकी की बोटं ब्रेकवर वळेनात. उमराण्यापर्यंत सगळे बरोबर होतो. घाट सुरू झाला तशी तरुण मंडळी पुढे निघून गेली आणि मी एकटी राहिले. पहिल्या वळणावर गिअर संपले. खाली आणखी गिअर आहे असं समजून मी खटका दाबत राहिले, पण नव्हता. मांड्यांत आग, तोंडाला कोरड, समोर वळणामागे वळण. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा माझ्या पुढे जात होते.

आणि माझ्या मागे संभाजीरावांची गाडी. इतके दिवस त्यांची पद्धत अशी की पुढच्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं, आम्ही पोचेपर्यंत पाणी नि केळी काढून ठेवायची. आज मात्र ते पुढे गेलेच नाहीत. चारी दिवे उघडझाप करत, माझ्या मागे दहा हातांवर, चालत्या माणसाच्या वेगानं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, हे हात बाहेर काढून त्यांना बाजूनं जायला सांगायचे. मला आधी राग आला. वाटलं, यांचा माझ्यावर भरवसा नाही. अर्ध्या घाटात मी ओरडले, "पुढे जा ना तुम्ही." त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

नंतर मात्र मागच्या त्या इंजिनाची मला सवय झाली. मंजू, खरं सांगते, दोन ठिकाणी मी पाय टेकणार होते. एका ठिकाणी तर डावा पाय पेडलवरून काढलाही होता. पण त्या गाडीमुळे माझ्यामागे रस्त्याचा एक तुकडा रिकामा राहिला होता, कोणी अंगावर येणार नव्हतं. त्या तेवढ्या रिकाम्या जागेत मला माझ्या गतीनं जाता आलं. मी मनाशी पाढे म्हणायला लागले, तुला पहिलीत शिकवायचे तसे. सोळाच्या पाढ्याला एक वळण, सतराच्या पाढ्याला दुसरं. एकोणीसचा पाढा मला कधीच धड आला नाही, तो चुकत चुकत म्हणत होते तेव्हा समोर सोनिका दिसली. ती रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. चढ संपला होता. मला कळलंच नव्हतं.

हेमेंद्रभाऊजींनी माझी सायकल धरली, नाहीतर मी सायकलीसकट आडवी झाले असते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, मी दोन वेळा उतरलो. तुम्ही उतरला नाहीत." एरवी स्वतःचं उतरणं त्यांनी कोणाला सांगितलं नसतं. सोनिका रडत होती आणि हसत होती, "काकू, आपने कर दिया," एवढंच पुन्हा पुन्हा.

मी आधी संभाजीरावांकडे गेले, जाब विचारायला. म्हटलं, "पंधरा दिवस पुढे जाऊन थांबता, आज काय झालं?"

ते गाडीतून उतरले. म्हणाले, "मंजिरीचा फोन आला होता. परवा, धुळ्याला."

मी खाली बसले, तिथेच दगडावर.

त्यांनी जे सांगितलं ते असं. तू त्यांना विचारलंस, आई गोळ्या घेते का. मग विचारलंस, बाबांना शेवटी पाणी कोणी दिलं. ते म्हणाले, मी दिलं.  मग त्यांना म्हणालीस, "काका, तुमची काही चूक नव्हती." मग म्हणालीस, "आईला फोन देऊ नका. पण घाटात गाडी तिच्या मागेच ठेवा. पुढे जाऊ नका."

मंजू, तुझ्या फोनची वाट बघत मी इंदूरपासून रोज संध्याकाळी मोबाइल पुसून उशाशी ठेवत होते. तू मला केला नाहीस, त्यांना केलास. आधी त्यांना त्या ओझ्यातून सोडवलंस. माझ्या हातून चार वर्षांत जे झालं नाही ते तू एका फोनवर केलंस. घाट चढल्याचा मला आज अभिमान आहे, पण त्याहून जास्त अभिमान या गोष्टीचा वाटला.

पुढे काय झालं तेही तुला कळायला हवं, कारण ते तुझ्यामुळे झालं. संभाजीरावांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि हेमेंद्रभाऊजींच्या हातात दिली. म्हणाले, "चांदवडपर्यंत तू ने." मग भाऊजींचीच सायकल घेतली, खोगीर दोन बोटं वर केलं, टायर दाबून पाहिले, आणि निघाले. सुरुवातीला हँडल इतकं डुगडुगत होतं की सोनिकानं डोळ्यांवर हात ठेवला. शंभर पावलांनंतर सरळ झालं. मी दहाच मिनिटांनी निघाले तरी ते मला गाठता आले नाहीत. चांदवडला पोचले तेव्हा देवीच्या डोंगराखाली रसवंतीच्या बाकावर बसून दुसरा पेला पीत होते, सगळा शर्ट घामानं भिजलेला. मला बघून म्हणाले, "मधूचा बेत चांगला होता, वहिनी. रस्ता बरोबर निवडला त्यानं."

चार वर्षांत त्यांनी बाबांचं नाव असं सहज घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आज सगळ्यांनी मला स्वयंपाकातून सुट्टी दिली आहे. बाहेर हेमेंद्रभाऊजी डाळीला फोडणी देताहेत आणि सोनिका त्यांच्या हातातून मिठाचा डबा काढून घेते आहे. माझे पाय लाकडासारखे झालेत. उद्या नाशिक, एक दिवस थांबून जव्हार, आणि रविवारी दुपारपर्यंत डहाणू. आता मला शंका नाही की मी पोचेन.

तिथून मी पुण्याला येते आहे. चोवीस तारखेला, मंगळवारी, बसनं. संभाजीराव गाडीनं सोडतो म्हणाले, मी नको म्हटलं, त्यांना मंडळींना घेऊन घरी परतायचं आहे. सायकल मी सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्यावर दारातच वाद नको. पण बाकी सगळ्यावर वाद होऊ दे. तू माझ्याशी फोनवर बोलली नाहीस हे बरोबरच केलंस, एका फोनमध्ये मिटावं इतकं ते लहान नाही. राघव झोपला की माझ्यासमोर बस आणि विचार, मी त्यांना जाऊ का दिलं. मी स्वयंपाकघरात उठून जाणार नाही, विषय बदलणार नाही, डोळे पुसत बसणार नाही. उत्तर नसलं तर नाही म्हणेन. तू कितीही वेळ विचार, मी बसून राहीन. आज कळलं की मला ते जमतं.

मंगळवारी सकाळी दारात येते.

तुझीच,
आई